पोकलेनच्या मागे कोण उभं आहे?

प्रश्न : डंपरला रिव्हर्स हॉर्न आहे, तरी आमचा एक बिगारी थोडक्यात वाचला. त्याला हॉर्न ऐकू कसा आला नाही? (सुपरवायझर, चाकण)

आला असणार. पण दिवसभर तीन डंपरची टीं-टीं चालू असली की कान ती मनावर घेत नाहीत. शिवाय एकसुरी आवाज नेमका कुठून येतोय, तेही उमगत नाही. व्हाइट नॉइजचा, खर्र-खर्र आवाजाचा हॉर्न मिळतो. त्याची दिशा चटकन कळते आणि शेजारच्या सोसायटीची झोपही मोडत नाही.

प्रश्न : मशीनजवळ माणूस आला की ऑपरेटरला बजर वाजून कळावं, यासाठी मजुरांना टॅग घ्यावेत, की मशीनवर रडार किंवा एआय कॅमेरा लावावा?

रडार धुळीत-पावसात चालतं, पण त्याला माणूस काय आणि वाळूचा ढीग काय, सारखाच. कॅमेरा माणूस ओळखतो. लेन्सवर चिखल उडाला की आंधळा. हेल्मेटवरचा अल्ट्रा-वाइडबँड टॅग रेडिओ लहरीला लागलेल्या वेळेवरून मशीनपासूनचं अंतर काढतो, मोकळ्यावर चूक वीतभर. मात्र डबा घेऊन आलेली बायको किंवा मजुरांची पोरं यांच्याकडे टॅग नसतो, हे विसरू नका. मी टॅग आणि कॅमेरा दोन्ही लावायला सांगतो.

प्रश्न : बजर सारखा वाजतो म्हणून ऑपरेटर तो बंद करतात. काय करावं?

एका साइटवर मी बजर उघडला तर आत कापसाचा बोळा! ऑपरेटरला झापण्याआधी आजूबाजूला पाहिलं. मजुरांची पाण्याची टाकी पोकलेनच्या मागेच, वजनपेटी (तोल सांभाळणारं मागचं जड वजन) फिरते त्या घेरात. टाकी हलवली, बजर गप्प झाला.

बजर किती अंतरावर वाजावा म्हणाल तर हिशोब सोपा आहे. ताशी 10 किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला तरी डंपर चार मीटर सरकलेला असतो, थांबायला लागतं ते वेगळंच. पाच मीटरवर वाजणारा बजर डंपरच्या काय कामाचा? पोकलेनचं अंतर मात्र वजनपेटीच्या घेराबाहेरून मोजा.

प्रश्न : दोनच मशीन आहेत, बजेट कमी. सुरुवात कुठून करू?

पायवाट वेगळी करून बॅरिकेड लावा, रिव्हर्सला सिग्नलमन द्या, मग मागचा कॅमेरा. टॅग त्यानंतर. आणि घेतलेत, तर चार्जिंगचा बोर्ड मुकादमाच्या हजेरीच्या टेबलाशेजारीच ठेवा. ऑफिसच्या कपाटात ठेवलेले टॅग कोणी मागायला येत नाही.