खेळाडू ते मुख्याध्यापक: मैदानावरचे काय कामी येते

महाविद्यालयीन स्पर्धा गाजवून आता अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्याला पुढे शाळा चालवायची असेल, तर खेळातली वर्षे कितपत उपयोगी पडतात, असे आपण विचारले आहे. शिस्त आणि जिद्द हे नेहमीचे उत्तर मी देणार नाही. हे गुण कधीही मैदानावर न उतरलेल्या शिक्षकांतही भरपूर आढळतात. खेळाडूकडे त्याहून दुर्मीळ सवय असते: आपले काम कोणी रोज पाहिले आणि त्यातली उणीव जागच्या जागी दाखवली, तर त्याला अपमान वाटत नाही.

जॉन वुडन हे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे नामवंत बास्केटबॉलपटू. १९३२ मध्ये पदवी घेऊन ते शाळेत इंग्रजी शिकवू लागले, संघही त्यांच्याकडेच होता. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी यूसीएलए विद्यापीठाला १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. १९७४-७५ च्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचा सराव न्याहाळून त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ नोंदी केल्या, तेव्हा कौतुकाचा वाटा जेमतेम ७ टक्के भरला आणि निम्म्याहून अधिक बोलणे काय करायचे व कसे करायचे, एवढ्यापुरतेच निघाले. वर्गात फळ्याजवळ अडलेल्या मुलालाही नेमके हेच हवे असते.

मात्र खेळाडूची एक सवय शाळेत घातक ठरते, ती निवडीची. संघ बांधताना कच्च्या खेळाडूला वगळणे हा प्रशिक्षकाचा अधिकारच असतो, पण शाळेला कोणालाही राखीव बाकावर बसवून वर्ष काढता येत नाही. ज्याला उडी किंवा फेक सहज जमली, त्याला ती न जमणाऱ्याची अडचण अनेकदा दिसतच नाही. म्हणूनच दुखापतीमुळे हंगाम बाहेर बसून काढलेला खेळाडू, माझ्या मते, पदकविजेत्यापेक्षा चांगला शिक्षक होण्याची शक्यता अधिक.

मुख्याध्यापकपदी तर स्वतःची कामगिरी जवळजवळ संपतेच. वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या मैदानावर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पार केला, तेव्हा आधी ब्रॅशर आणि मग चॅटवे या सोबतच्या धावपटूंनी पुढे धावून त्यांना वेग बांधून दिला होता. हेच बॅनिस्टर १९८५ ते १९९३ ऑक्सफर्डच्याच पेम्ब्रोक कॉलेजचे प्रमुख होते. शाळाप्रमुखाची जागा त्या शर्यतीतल्या ब्रॅशर यांची आहे: सुरुवातीला पुढे राहायचे, आणि वेळ येताच बाजूला व्हायचे.

तेव्हा पहिल्या काही वर्षांत केवळ क्रीडाशिक्षक म्हणून राहू नये, एखादा विषयही शिकवावा, कारण ज्याने उत्तरपत्रिका तपासल्या नाहीत त्याचे म्हणणे अभ्यासक्रमाच्या बैठकीत फारसे कोणी मनावर घेत नाही. वेळापत्रक लावण्याचे कंटाळवाणे काम मागून घ्यावे. शाळेतली खरी ओढाताण तिथेच कळते. आणि सहकाऱ्यांना आपला तास पाहायला बोलवावे, म्हणजे उद्या प्रमुख म्हणून त्यांच्या वर्गात जाऊन बसलात, तर त्यांना ती तपासणी वाटणार नाही.