शेव्हरची जाळी फाटली आहे. नुसती जाळी बदलू, पातीही बदलू, की नवीनच मशीन घेऊ?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांचा शेव्हर हल्ली केस ओढतो आणि जाळीच्या कडेला बारीकसं भोक दिसतंय. जाळी आणि पात्यांची किंमत नव्या मशीनच्या जवळजवळ निम्मी आहे, म्हणून अडलाय. तुम्ही गुहागरचे, मी वेंगुर्ल्याचा. खारं वारं दोघांच्याही घरात येतं, तेव्हा इथल्या हवेचा विचार करूनच सांगतो.

आधी एक गोष्ट. भोक पडलेली जाळी आजपासून गालाला लावू नका. नवीन येईपर्यंत सलूनमध्ये जा.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय, कारण मी ते भोगलंय. माझ्या वडिलांना, अण्णांना, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. वस्तऱ्याने किंवा ब्लेडने कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून इलेक्ट्रिक शेव्हर आणला. एक दिवसाआड मीच त्यांची दाढी करतो. मागच्या वर्षी श्रावणात ते म्हणाले, "झिला, आज मशीन चावता हा माका." मला वाटलं केस वाढलेत म्हणून ओढत असेल, आणि मी उलट जरा दाबूनच फिरवलं. हनुवटीखाली कातडी जाळीच्या फटीत गेली. जखम तांदळाच्या दाण्याएवढी, पण अर्धा तास कापूस दाबून बसलो होतो. नंतर जाळी खिडकीसमोर धरली तर कडेला चीर स्पष्ट दिसत होती. तेव्हापासून दर रविवारी मोबाइलच्या टॉर्चसमोर जाळी धरून बघतो. बहुतेक वेळा ती मधे फाटत नाही, जिथे वाकून चौकटीत शिरते तिथे फाटते.

आता तुमचा प्रश्न. जाळी आणि पाती दोन्ही एकदम बदला.

केस जाळीच्या भोकातून आत येतो आणि खालून सरसर फिरणारं पातं त्याला जाळीच्याच कडेवर कापतं. म्हणजे कात्रीची दोन पाती असतात तशी ही जोडी आहे. स्प्रिंगमुळे पातं जाळीला सतत घासत असतं, त्यामुळे दोन्ही एकमेकांच्या अंगाने झिजतात. जुन्या पात्यावर नवी जाळी बसवली तर ते वेडंवाकडं झिजलेलं पातं नव्या जाळीला सगळीकडे सारखं टेकत नाही. मग केस ओढले जातात, मशीनचं डोकं, म्हणजे जाळी-पात्यांचा वरचा भाग, तापतं आणि नवी जाळीही लवकर जाते. जाळीची जाडी साधारण केसाएवढी किंवा त्याहूनही कमी असते, तिच्यात सोसण्याची ताकद ती किती!

कंपन्याही साधारण हेच सांगतात. ब्राउन १८ महिन्यांनी जाळी-पाती एकत्र बदलायला सांगते, आणि त्यांच्या बऱ्याच मॉडेलना दोन्ही मिळून एकच कॅसेट येते. पॅनासॉनिक जाळी दर वर्षी आणि आतली पाती दोन वर्षांनी बदलायला सांगते. तुमच्या मशीनला दोन वर्षं झालीत, म्हणजे कुठल्याही हिशेबाने दोन्हीची वेळ झालीच आहे. फिलिप्सची गोल डोक्यांची मशीनं असतात, त्यांच्या बऱ्याच मॉडेलची मुदतही दोन वर्षं. त्यात एक पथ्य आहे: धुताना प्रत्येक गोल पातं त्याच्याच झाकणात परत गेलं पाहिजे. अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकमेकांना लागायला काही आठवडे जातात.

नवीन मशीन घ्यायचं का, हे मोटर आणि बॅटरीला विचारा. पूर्ण चार्ज करून चालू करा आणि आवाज ऐका. आवाज पहिल्यासारखा भरीव असेल, चार्जही टिकत असेल, तर फक्त डोकं बदला, मशीन उत्तम आहे. आवाज मंदावत जात असेल, दोन दाढ्यांत चार्ज संपत असेल, तर मात्र त्यात पैसे घालू नका. मी कॅसेट बदलली, आणि अण्णांचं तेच मशीन अजून छान चालतंय.

विकत घेताना नुसतं कंपनीचं नाव सांगू नका. जुन्या कॅसेटवर किंवा माहितीपुस्तिकेत नंबर असतो, ब्राउनचा ३२बी किंवा फिलिप्सचा एसएच३० असा काहीतरी. तो जुळवा. मला आमच्या बाजारात मिळाली नाही, ऑनलाइन मागवावी लागली. फारच स्वस्त दिसली तर नकली असण्याची शक्यता धरा.

बसवणं सोपं आहे. मशीन बंद करा, चार्जरची वायर काढा, दोन्ही बाजूंची बटणं दाबून चौकट वर उचला, पातं वेगळं असेल तर तेही सरळ वर ओढून काढा. नवीन बसवताना जाळीवर बोट दाबू नका, चौकटीला धरा, टक असा आवाज आला पाहिजे. बदलायची सूचना देणारा दिवा असेल तर तो कसा बंद करायचा ते पुस्तिकेत बघा, बहुतेक मशीनमध्ये एक बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं.

आता आपल्या हवेचं. इथे जाळी नुसती झिजत नाही, खारट ओलाव्याने खराबही होते. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. त्या पाण्याने धुऊन तसंच ठेवलं की जाळीवर पांढरट थर बसतो. म्हणून शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करतो आणि डोकं उघडं ठेवून पंख्याखाली पूर्ण सुकवतो. जाळीवर ब्रश घासत नाही, बेसिनच्या कडेवर आपटत तर मुळीच नाही. आठवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल वापरू नका, थंडीच्या सकाळी ते थिजतं आणि बारीक केसांचा चिखल करतं. पावसाळ्यात मशीन मोरीत न ठेवता, पापड ठेवतो तशा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, औषधांच्या बाटलीत येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून. पण पूर्ण सुकल्यावरच, नाहीतर ओल डब्यातच कोंडली जाते.

नवीन डोकं लावल्यावर पहिले काही दिवस गाल थोडा चुरचुरेल. त्याला घाबरू नका, कातडीला दोन-तीन आठवडे द्या आणि अजिबात दाबू नका. पुरळ उठून खाज येतच राहिली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच जाळ्या निकेलच्या असतात आणि काहींना निकेल सोसत नाही.