चवथीआधी होस्ट, मग प्रस्ताव

ताळगाव, गोवा

प्रिय,

परदेशी फेलोशिपसाठीचा तुझा मसुदा वाचला. विषय पक्का आहे, पण तारखांचा हिशेब कुठेच दिसला नाही, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक्टरल (डॉक्टरेटनंतरच्या) फेलोशिपची अर्जाची मुदत बहुधा सप्टेंबरात संपते. युरोपातले प्राध्यापक ऑगस्टभर सुट्टीवर, आणि ते परतेपर्यंत आपल्याकडे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. अशा वेळी सह्या कोण देणार? होस्ट, म्हणजे ज्याच्याकडे जाऊन काम करायचं तो तिथला प्राध्यापक, मे महिन्यातच ठरलेला हवा, कारण पोर्टलवर अर्ज त्याच्या संस्थेमार्फत उघडतो. शेवटच्या दिवशी पोर्टल ब्रसेल्सच्या संध्याकाळी ५ वाजता बंद होतं, म्हणजे आपल्याकडे रात्री ८.३०. त्या रात्री वीज जाणारच असं धरून चाल आणि दोन दिवस आधी अर्ज भर. मुदत संपेपर्यंत सुधारलेली प्रत पुन्हा चढवता येते.

दुसरा हिशेब मुक्कामाचा. मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात तुझा मुक्काम १२ महिन्यांहून जास्त झाला, तो देश क्युरीसाठी बाद. पीएचडी करताना या ३६ महिन्यांत कुणी जर्मनीत १४ महिने काढले असतील, तर अर्ज नेदरलँड्सला करता येईल, जर्मनीला नाही. जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपमध्ये पोस्टडॉक गटासाठी डॉक्टरेटनंतरची ४ वर्षं मोजतात. अमेरिकेत नेणाऱ्या फुलब्राइट-नेहरूलाही खिडकी ४ वर्षांचीच. जपानच्या जेएसपीएसमध्ये ती ६ वर्षांची आहे, आणि तिथे अर्ज तू करायचा नसतो, तिथला होस्ट करतो. कुठे पदवीची तारीख धरतात, कुठे व्हायव्हाची, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेची. म्हणून व्हायव्हा झाल्याझाल्या विद्यापीठाच्या लेटरहेडवर तसं पत्र घेऊन ठेव. पदवीदान समारंभाची वाट बघत बसलास की वरातीमागून घोडं.

होस्टला लिहायचा ईमेल आठ-दहा ओळींचा पुरे. त्याच्या एखाद्या शोधनिबंधातला नेमका प्रश्न, तुझ्याकडे असलेली सामग्री, आणि तिथे गेल्याशिवाय जे होणार नाही ते. ही तिसरी गोष्टच बहुतेकजण गाळतात. ‘तुमच्या प्रयोगशाळेत शिकायला आवडेल’ या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्यातला प्राणवायू घटतो, त्याची मोजमापं तुझ्याकडे आहेत. त्यांच्याकडे समस्थानिकं मोजायचं यंत्र आहे. एकाचं दुसऱ्यावाचून अडतं, हे दोन वाक्यांत लिही. सीव्ही दोन पानांची. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, मग पुढच्या नावाकडे वळ.

क्युरीचा मुख्य प्रस्ताव दहा पानांचा. वैज्ञानिक दर्जाला ५० टक्के, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २०. हे शेवटचे २० टक्के बहुतेक अर्जांत आदल्या रात्री लिहिलेले असतात आणि ते लगेच कळतं. ‘नमुने वेळेवर मिळतील’ असं लिहू नकोस. बोट सुटली नाही, मोसमात समुद्र खवळलेला राहिला, तर जुन्या नमुन्यांवर काय करणार ते लिही. जैविक नमुने परदेशी न्यायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीची तरतूद वेळापत्रकातच दाखव. परीक्षकाला त्यावरून माणूस कामाचा आहे की नाही हे समजतं.

पैशांचे आकडे आमनेसामने ठेवून तुलना करू नकोस. क्युरीत तुला नोकरीचा करार मिळतो, त्यामुळे मंजूर रकमेतूनच मालकाचा सामाजिक सुरक्षेचा वाटा आणि कर कापला जातो. हम्बोल्टमध्ये नोकरी नसते, वेतन नव्हे तर शिष्यवृत्ती मिळते, आणि आरोग्य विमा आपला आपण बघायचा असतो. शिवाय घराच्या अनामतीचे दोन-तीन महिन्यांचे पैसे पहिला हप्ता यायच्या आधी हातात लागतात.

फुलब्राइटवर गेलास तर परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ती पुरी होईपर्यंत एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्ड नाही. पुढे अमेरिकेतच स्थिरावायचा विचार असेल तर हे घरच्यांना आत्ताच सांग.

घरचे गोवेकरांना मिळू शकणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टचा विषय काढतीलच. परकीय नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि फुलब्राइट-नेहरू भारतीय नागरिकांनाच असते. क्युरीच्या युरोपीय फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अटच नाही, तेव्हा त्या पासपोर्टने तिथे पात्रता काही वाढत नाही.

राहिली कागदपत्रं. आपल्याकडचं जुनं दुखणं आडनावाचं. जन्मदाखल्यावर ‘नाइक’ पोर्तुगीज वळणाने क्यू घालून, दहावीच्या सर्टिफिकेटवर के घालून. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र करून घे, आणि पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच अर्जात, शोधनिबंधात, ओआरसीआयडीवर (संशोधकाच्या ऑनलाइन ओळख क्रमांकावर) ठेव. व्हिसासाठी पदवीवर अपॉस्टिल (परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का) लागते का ते आधी पाहा. राज्यातली पडताळणी आणि परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असे दोन टप्पे असतात, ते एका आठवड्यात उरकतील अशा भ्रमात राहू नकोस. कॉलेजात नोकरी असेल तर एनओसीचा अर्ज निकालाआधीच टाक. व्यवस्थापनाची बैठक तुझ्या मुदतीसाठी थांबत नाही.

प्रस्तावाला सध्या हात लावू नकोस. तीन होस्टची नावं आणि पहिल्याला लिहायच्या ईमेलचा मसुदा शनिवारपर्यंत पाठव.

तुझा,
सर