ट्रिम नाही? मग जागा कोरी सोड

अरे, रेड कंट्रोलर (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून चालवणारी यंत्रणा) ट्रिमचा आदेश, म्हणजे ‘ही जागा आता रिकामी आहे’ हा निरोप, पुढे पाठवत नसेल, तर तू पुसलेली फाइल एसएसडी ड्राइव्हच्या लेखी अजून जिवंतच असते. तो निरुपयोगी डेटाही ती इकडून तिकडे हलवत बसते आणि लिहिण्याचा वेग मंदावतो. म्हणून अ‍ॅरे (ड्राइव्हचा जोडलेला गट) बांधण्याआधीच प्रत्येक ड्राइव्ह सिक्युअर इरेज कर, म्हणजे ड्राइव्हच्याच आदेशाने पूर्ण पुसून घे, आणि साधारण २० टक्के जागा अ‍ॅरेच्या बाहेर, अगदी कोरी सोड, म्हणजे ड्राइव्हला या हलवाहलवीसाठी मोकळी जागा राहते. नंतर व्हॉल्यूम (अ‍ॅरेवरचा वापराचा भाग) लहान करून भागत नाही. एकदा लिहिलेली जागा ड्राइव्ह भरलेलीच धरते. अ‍ॅरेचं पूर्ण इनिशियलायझेशनही (वापराआधीची तयारी) अ‍ॅरेभर लिहितं, म्हणून कोरी जागा अ‍ॅरेबाहेरच हवी, हे नवखे हमखास विसरतात. डिफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) चुकूनही चालवू नकोस. वेग फारच पडला तर बॅकअप घे, त्यातल्या चार फाइली उघडून बघ, मगच अ‍ॅरे मोडून पुन्हा इरेज कर.