मिदोरिको माणूसच

प्रश्न (टिळकवाडी): 'इनुयाशा' या जपानी कार्टून मालिकेत गुहेतला मिदोरिको या पुजारणीचा वाळलेला देह राक्षसाच्या देहात अडकलेला दाखवलाय. आक्का म्हणते ती अर्धी राक्षसीणच. घरात रोज वाद लागलाय बगा. खरं काय?

उत्तर: ती पूर्ण माणूस होती. त्या गुहेनं पुष्कळांना चकवलंय, पण तो देह कसा अडकला ते आठवा. योकाई म्हणजे जपानी गोष्टींतला राक्षसासारखा जीव. त्याच्या अंगातला आत्मा काढून त्याला निष्प्रभ करायची, ही तिची ताकद. एकट्यादुकट्यानं तिच्यापुढं टिकाव लागेना म्हणून योकाई एक झाले, आणि एक व्हायलाही त्यांना माणसाचंच काळीज लागलं. तिच्यावर मनोमन जीव असलेला एक पुरुष त्यांनी गाठला. सात दिवस, सात रात्री झुंज चालली. शेवटी ती थकली, त्या एक झालेल्या राक्षसानं तिला जबड्यात धरलं. तेव्हा तिनं त्याचा आत्मा ओढून आपल्या आत्म्याशी जखडला आणि दोन्ही मिळून छातीतून बाहेर टाकले. तोच शिकोनचा मणी. देह दोघांचेही संपले, भांडण मण्यात चालूच राहिलं.

'शिकोन' म्हणजे चार आत्मे: धैर्य, मैत्री, शहाणपण आणि प्रेम. तिच्या अंगी राक्षसाचं रक्त मानलं, तर या झुंजीतला जीवच जातो. शिवाय अर्धा कोण, हे मालिका लपवत नाही. नायक इनुयाशाचे वडील योकाई, आई माणूस, हे सरळ सांगितलंय. मिदोरिकोबद्दल तसा शब्दही नाही. आक्कांना एवढं जरूर सांगा.

प्रश्न (खानापूर): मग मालिकेतल्या दुसऱ्या पुजारणी, किक्यो आणि त्सुबाकी, त्या कोण?

उत्तर: दोघी जन्मानं माणूस. किक्यो मेल्यावर उरासुए या म्हातारीनं अस्थी आणि मातीतून तिचा देह पुन्हा उभा केला. उरासुए मात्र योकाई. त्सुबाकीनं तारुण्यासाठी योकाईंना अंगात थारा दिला.

प्रश्न (शहापूर): मिदोरिकोला चेटकीण म्हटलं तर चालेल?

उत्तर: नको. ती 'मिको', म्हणजे देवळातली पुजारीण. सौंदत्तीला परडी घेऊन निघालेल्या जोगतिणीला आपण चेटकीण म्हणतो का?

प्रश्न (निपाणी): योकाई म्हणजे राक्षसच ना? आजी म्हणते, "ही तर आपल्यासारखीच भुतं."

उत्तर: आजींचं म्हणणं जास्त जवळचं. 'राक्षस' शब्द इथं तोकडा पडतो. नदीकाठच्या साती आसरा, शिवारातला म्हसोबा आठवा: भीतीही वाटते आणि नैवेद्यही दाखवतो. काही योकाई असेच, सगळेच दुष्ट नसतात. आणि नात्याचंच बोलायचं तर 'इनु' म्हणजे कुत्रा, 'याशा' म्हणजे आपला यक्ष. बौद्ध ग्रंथांबरोबर हा संस्कृत शब्द चीनमार्गे जपानला पोचला. आपल्या तोंडी यक्षिणीची जखीण झाली. कारवारकडच्या यक्षगानात यक्ष तसाच राहिला. या मालिकेतला खलनायक नाराकू, त्याचं नावही आपल्या 'नरक' शब्दावरूनच आलंय.