आई, सांता देवाचा मित्र आहे का?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नऊ वर्षं परदेशात आहेत. घरात नवरा, सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. त्या लिहितात:

"गेल्या नाताळात 24 डिसेंबरच्या संध्याकाळी आम्ही सगळे चर्चला गेलो. संदेश संपला. पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या मरणाच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटण्याच्या विधीच्या, मेजावरचं पांढरं कापड काढणार, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि घंटा वाजवत सांता आत आला. मुलं बाकांवरून उड्या मारत धावली. चॉकलेटचे कागद सोडल्याचा आवाज, आयाबाप फोन उंच धरून उभे, आणि त्याच गलक्यात भाकर आणि प्याला फिरला. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, 'देवाच्या घरात हे कशाला?' नवरा म्हणाला, 'आई, मुलांना आवडतं. त्या निमित्ताने चार कुटुंबं येतात तरी.' मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, 'आई, सांता देवाचा मित्र आहे का?' मला उत्तर देता आलं नाही. यंदा झाड आणायचं की नाही इथपासून घरात वाद सुरू आहे. चर्च बदलावं का?"

ताई, चर्च बदलायची घाई करू नका आणि झाडही काढून टाकू नका. तुमच्या मुलीने नेमका प्रश्न विचारलाय. झाडाचं, दिव्यांचं पुढे बघू, आधी तिला उत्तर द्यायला हवं.

माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझी थोरली आठ वर्षांची असताना कपाटात, सुटकेसच्या मागे, तिला भेटवस्तू गुंडाळायचा कागद सापडला. लाल, वर चांदण्या. सांताच्या भेटीला असायचा तोच. ती रडली नाही, चिडलीही नाही. पलंगाच्या कडेला बसून त्या कागदाची घडी घालत राहिली आणि मग म्हणाली, "मग येशूचंही तुम्हीच करता का?"

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्या रात्री विचार केला तेव्हा लक्षात आलं की चूक माझीच होती. रोज रात्री त्याच पलंगापाशी, त्याच हळू आवाजात मी आधी तिच्याबरोबर प्रार्थना म्हणत होते आणि डिसेंबर लागला की लगेच पुढे जोडत होते, "आता झोप, सांताला सगळं दिसतं." सगळं दिसतं हे मी देवाबद्दलही सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात, एकाच खात्रीने. त्यातली एक पडली तेव्हा तिने दुसरीला हात लावून बघितला, यात तिचं काय चुकलं?

त्याहून मोठी चूक मला आणखी उशिरा कळली. सांता चांगल्या मुलांना देतो. यादी असते, वागणूक बघितली जाते, मग भेट. नाताळच्या शुभवर्तमानात याच्या अगदी उलटं घडतं. बाळ आलं ते कुणाची वागणूक तपासून आलं नाही. मेंढपाळांना दूताने आधी काही विचारलं नाही, थेट आनंदाची बातमी सांगितली. आपण ज्याला कृपा म्हणतो ती हीच. मुलाच्या मनात 'चांगलं वागलास तर मिळेल' हे वर्षानुवर्षं बसलं, की पुढे कृपा हा शब्द त्याला नुसता ऐकू येतो, कळत नाही. म्हणून 'सांता बघतोय हं' ही धमकी घरातून आजच काढून टाका. आजीनेही वापरायची नाही आणि बाबांनीही नाही. झाड राहू दे, दिवे राहू देत, फक्त ही धमकी जाऊ दे.

मग सांताचं करायचं काय? खेळ म्हणून ठेवा आणि खेळाच्या आवाजातच सांगा. मुलं भातुकलीत मातीचा भात 'जेवतात', तेव्हा ती माती आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि तरी मजा कमी होत नाही. सात वर्षांच्या मुलीला सरळ सांगा की सांताचा खेळ आपण सगळे मिळून खेळतो, आणि हा खेळ एका खऱ्या माणसाच्या आठवणीतून आला. मग त्या माणसाची गोष्ट सांगा, कारण ती खेळापेक्षा चांगली आहे.

चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, निकोलस नावाचे बिशप होते. त्यांच्याविषयी सांगतात ते असं: एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसा नव्हता. निकोलसने रात्रीच्या अंधारात, कुणाला कळू न देता, त्यांच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. हुंड्यापायी हवालदिल झालेला बाप हे चित्र मराठी घराला समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा सण 6 डिसेंबरला असतो. डच लोकांच्या तोंडी त्यांचं नाव सिंटरक्लास झालं, ते अमेरिकेत जाऊन सांता क्लॉज झालं. रेनडिअर आणि धुराड्यातून उतरणं 1823 मध्ये छापलेल्या एका कवितेने घरोघरी पोचवलं. थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने 1863 पासून त्याला गोलमटोल रूप दिलं. 1931 पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी ते रूप जगभर पक्कं केलं. म्हणजे तुमच्या मुलीला अगदी खरं उत्तर देता येतं: "हो बाळा, तो ज्याच्यावरून आला तो माणूस येशूचा मित्र होता. तो चर्चमध्ये यायचा ते गुडघे टेकायला."

खेळाची भेट 6 डिसेंबरला देऊन बघा. बुटात किंवा उशाखाली एक छोटीशी वस्तू, आणि त्याच दिवशी मुलांनी कुणाला तरी गुपचूप काहीतरी द्यायचं. आमच्याकडे धाकट्याने शेजारच्या आजोबांच्या दारात हातमोजे ठेवले आणि जिन्यात दडून बसला. आजोबांनी ते उचलून हातात घालून बघितले तेव्हा त्याला हसू आवरेना. अशाने 24 आणि 25 तारीख पुष्कळ मोकळी होते. एक सूचना मात्र मुलीला द्या: वर्गात इतर मुलांना 'सांता खोटा आहे' असं सांगत फिरायचं नाही. दुसऱ्याचा खेळ आपण मोडत नाही.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांना जुन्या विचारांच्या म्हणून बाजूला सारू नका. प्रभुभोजनाच्या वेळी त्यांना जे खटकलं ते खटकायलाच हवं होतं. पण त्यांनाही एक गोष्ट प्रेमाने सांगा. सण संपूर्ण धुऊन पुसून शुद्ध करायचा प्रयत्न याआधी झालेला आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1647 मध्ये नाताळ बंद केला. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली कायदा झाला की जो नाताळ पाळेल त्याला पाच शिलिंग दंड. तो कायदा 1681 मध्ये मागे घ्यावा लागला. बंदी घालणाऱ्यांची भक्ती खरी होती, तरी लोकांच्या घरातून सण गेला नाही. त्याच्या कितीतरी आधी, 601 साली, पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या आपल्या माणसांना पत्रातून कळवलं होतं की लोकांची देवळं पाडू नका, मूर्ती काढा आणि त्याच जागी खऱ्या देवाची उपासना सुरू करा. सजवलेलं झाड जर्मन घरांतून आलं, आणि 1848 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडासोबतचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात आल्यावर इंग्रजी घरांत पसरलं. झाडापुढे कुणी हात जोडत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, 14 व्या अध्यायात, एक जण एखादा दिवस विशेष मानतो आणि दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, यावरून एकमेकांना दोष देऊ नका, असं सांगितलंय. हा अध्याय तुम्ही, नवरा आणि सासूबाई असे तिघं एका संध्याकाळी बसून वाचा. वाद तिथेच अर्धा होईल.

राहिला अर्धा, तो चर्चमधल्या त्या एका तासाचा. तिथे माझं मत सासूबाईंच्या बाजूने आहे, आणि ठाम आहे. उपासनेचा तास उपासनेचाच असावा. मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून त्यात सांता आणला, की मुलं एकच शिकतात: भाकर आणि प्याला म्हणजे कंटाळवाणा भाग, आणि त्यातून सोडवणारा माणूस लाल कपड्यात येतो. पाळकसाहेबांना ऑक्टोबरमध्येच भेटा, डिसेंबरमध्ये कार्यक्रम ठरलेला असतो. तक्रार घेऊन जाऊ नका, काम मागायला जा. "सांताचा कार्यक्रम उपासना संपल्यावर हॉलमध्ये ठेवू या, मांडामांड आणि आवराआवर आमच्याकडे," असं म्हणा. तुमच्या यजमानांचा मुद्दाही यात सांभाळला जातो, कारण येणारी कुटुंबं येतच राहतील. नाहीच ऐकलं, तर पुष्कळ चर्चमध्ये दुसरी, शांत उपासना 24 ला रात्री उशिरा किंवा 25 ला सकाळी असते. तिला जा आणि मनात अढी न धरता जा.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात ओझरती येऊन गेली आणि मी तिथेच थांबले: 'आयाबाप फोन उंच धरून'. सांता एकच होता, ताई. फोन किती होते? पोरगी गव्हाणीच्या, म्हणजे येशूच्या जन्माच्या, देखाव्यात देवदूत झालेली असते, तिच्या पंखांचा व्हिडिओ गावी पाठवायचा असतो, हे मला समजतं, मीही पाठवलेत. पण त्यासाठी आदल्या दिवशीची तालीम असते. उपासनेत फोन पर्समध्ये ठेवा आणि मुलांना दिसेल असा ठेवा. आई उभी राहते तेव्हा मूल उभं राहतं, आई गाते तेव्हा ओठ हलवतं. चार वर्षांच्या मुलाला घरून निघण्याआधी सांगून ठेवा की आज तीन गाणी होतील, गोष्ट वाचतील, मग सगळे एकदम गप्प होतील, आणि तो गप्प होण्याचा वेळ सगळ्यात खास. पुढच्या बाकावर बसा. मागे बसलेल्या मुलाला समोर फक्त पाठी दिसतात.

घरी काय करता येईल? इथे एक फरक लक्षात घ्या. दुकानांचा नाताळ नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि 25 तारखेच्या दुपारी संपतो. चर्चचा नाताळ त्या दिवशी सुरू होतो आणि 5 जानेवारीपर्यंत चालतो, 6 ला प्रकटीकरणाचा सण, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी बाळाला भेटले त्याची आठवण. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळ, म्हणजे वाट बघण्याचे दिवस. म्हणजे सांताच्या गडबडीशी भांडायची वेळच येत नाही, जागा आपोआप वेगळी होते. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांची सुरुवातही मुलांपासूनच झाली. हॅम्बर्गमधल्या अनाथ मुलांच्या आश्रमात योहान विखर्न नावाचे पाळक होते. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची, म्हणून 1839 मध्ये त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. तुम्ही रविवारी एक पेटवा. लहानग्याला विझवू द्या, त्याला त्यातच आनंद असतो.

आमच्या घरी गव्हाणी पहिल्या रविवारी मांडतो, पण रिकामी. बाळ येशूची छोटी मूर्ती माझ्या शिवणाच्या डब्यात असते. मागी लोक, म्हणजे ते पूर्वेकडचे ज्ञानी, घरातल्या सगळ्यात लांबच्या खिडकीत. मुलं त्यांना रोज थोडं पुढे सरकवतात: खिडकीतून पुस्तकांच्या कपाटावर, तिथून फ्रीजवर, मग पायरीवर. एकदा धाकट्याने या मिरवणुकीत प्लास्टिकचा सांता घुसवला. मी हात पुढे केला, आणि मग काढला नाही. त्याला विचारलं, "हा कुठे निघालाय?" तो म्हणाला, "बाळाला बघायला." त्याने टोपी निघत नाही म्हणून सांताला गव्हाणीसमोर आडवा, तोंड जमिनीकडे करून ठेवला. नंतर कुणी म्हटलं तरी त्याने त्याला उभा करू दिला नाही.

ईस्टरच्या अंड्यांबद्दल आणि सशाबद्दल तुम्ही ताजा कलम लिहिलाय, त्याला थोडक्यात उत्तर. अंड्यांना घाबरू नका. मध्ययुगात चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य असत, त्यामुळे ईस्टरला ती साठलेली असत. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ती ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून लाल रंगवतात. अंडी लपवणारा ससा मात्र जर्मन लोककथेतला, त्याची नोंद 1682 सालची आहे. त्याचं काम बागेत, रविवारी दुपारी. उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी (गुड फ्रायडे), अंड्यांचा खेळ लावणाऱ्यांचं आमंत्रण आलं तर नम्रपणे नाही म्हणा, मुलांना कारण सांगून. ज्या घरात शुक्रवार शांत जातो त्या घरातल्या मुलांना रविवारी पहाटे का उठवलंय हे विचारावं लागत नाही.

आणि जे वाचक ख्रिस्ती नाहीत पण शेजाऱ्यांबरोबर 24 ला चर्चला जातात, त्यांच्यासाठी दोन शब्द: सगळे उभे राहिले की उभे राहा, गाणी गायला हरकत नाही, प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून राहिलात तर कुणाला काही वाटत नाही. काय करायचं ते यजमानांना आधी विचारलं तर त्यांना बरंच वाटेल.

ताई, यंदा 24 तारखेला चर्चहून आल्यावर झाडाचे दिवे लावा, बाकीचे बंद करा. सासूबाईंना त्यांचं मराठी पवित्र शास्त्र आणायला सांगा. लूक, अध्याय दुसरा, पहिल्या वचनापासून विसाव्यापर्यंत. दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. सासूबाई वाचतील, तुमच्या यजमानांनी टॉर्च धरायचा, कारण झाडाच्या उजेडात ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. 'गव्हाणी' हा शब्द मुलांना कळणार नाही, तिथे आजीला थांबून समजावू द्या. मग तुम्हीही आमच्यासारखं डब्यात जपून ठेवलेलं बाळ काढून धाकट्याच्या हातात द्या.