रूथसमोर रिव्हेरा उभा करण्याआधी

संगणकावर वेगवेगळ्या काळांतले बेसबॉल संघ भिडवायला निघालास, आणि पहिलीच मालिका थेट न्यूयॉर्कचे १९२७चे यांकीज विरुद्ध १९९८चे यांकीज? असू दे, हा मोह कुणाला सुटलाय! पण नुसते आकडे भरून बटण दाबू नकोस. बेब रूथचे १९२७चे ६० होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके, घे. अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघाला तेवढे मारता आले नव्हते. म्हणून खेळाडूला आधी त्याच्या काळाच्या सरासरीशी ताडून बघ, मगच समोरासमोर आण. उलट बाजूने पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बॉब गिब्सनचा १९६८चा १.१२ ईआरए (पिचरच्या खात्यावरच्या धावांची नऊ डावांमागची सरासरी; जितकी कमी तितकी चांगली). हंगामच पिचरांचा होता. पुढच्या वर्षी पिचर ज्यावरून चेंडू टाकतात तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला.

डीएचचंही, म्हणजे पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणाऱ्या खेळाडूचंही, आधीच ठरव. तो आला १९७३मध्ये, १९२७ला पिचर स्वतः बॅट घेऊन उतरायचे. मी यजमान संघाच्या काळाचा नियम लावतो. आणि १९९८च्या संघातला रिव्हेरा सहसा शेवटचा एखादाच डाव टाकायचा, त्याला रोज तीन-तीन डाव टाकायला लावू नकोस. संगणक बिचारा मुकाट ऐकतो.

सात सामन्यांच्या एकाच मालिकेवरून श्रेष्ठ कोण ते ठरत नाही, तीच हजारदा चालव. मला मात्र स्कोअरकार्ड हाताने भरत खेळलेली ती एकच जास्त आवडते.